अल्पवयीन शिकारी आणि क्रॉसबोने हरणांची शिकार

क्रॉसबोने हरणांची शिकार हा उत्तर अमेरिकेत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, रूढ असलेला व कायद्याने नियंत्रित केलेला शिकारीचा प्रकार आहे. क्रॉसबो म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले, चाप ओढून सोडले जाणारे धनुष्य होय. या शिकारीतील प्रमुख प्राणी पांढऱ्या शेपटीचे हरीण (शास्त्रीय नाव: ओडोकॉइलियस व्हर्जिनिआनस) हा आहे. हाताने ताणून धरावे लागणारे धनुष्य पेलण्याइतके बळ नसलेल्या मुलामुलींना प्रौढ मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शिकारीची ओळख करून देण्यासाठी अनेक राज्यांत क्रॉसबोचा वापर होतो. योग्य शस्त्राची निवड, सुरक्षिततेचे नियम आणि प्राण्याला कमीत कमी यातना होतील असा नेम हे या विषयाचे तीन मुख्य भाग मानले जातात.

पार्श्वभूमी

क्रॉसबो हे प्राचीन शस्त्र आहे. चीनमधील युद्धरत राज्यांच्या काळातील थडग्यांत त्याचे कांस्य धातूचे चाप सापडले आहेत. मध्ययुगीन युरोपात ते युद्धाचे महत्त्वाचे साधन होते. इ.स. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध धनुर्धारी व क्रॉसबोधारी यांच्या वापरास मनाई केली होती, तर इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड इ.स. ११९९ मध्ये क्रॉसबोच्या बाणाने झालेल्या जखमेमुळे मरण पावला. बंदुकीच्या प्रसारानंतर युद्धातील त्याचे स्थान संपले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. शिकारीवरील निर्बंध, परवाने आणि अधिवासाचे संरक्षण यांमुळे ती पुन्हा वाढली व आता सुमारे ३ कोटी असावी असा अंदाज केला जातो. इ.स. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव व्यवस्थापनासाठी राखून ठेवले. इ.स. १९७२ मध्ये धनुर्विद्येची साधनेही या कायद्याच्या कक्षेत आणली गेली. लांडगा, प्यूमा यांसारखे भक्षक बऱ्याच प्रदेशांतून नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी राज्यांचे वन्यजीव विभाग नियंत्रित शिकारीवर अवलंबून असतात.

रचना

आधुनिक क्रॉसबोमध्ये दस्ता, त्याच्या पुढील टोकाला बसवलेल्या दोन लवचिक भुजा, प्रत्यंचा, बाण ठेवण्याची पन्हळ, चाप, सुरक्षा-कळ आणि नेम धरण्यासाठी दुर्बीण हे भाग असतात. पुढच्या टोकाला असलेल्या रिकिबीत पाय ठेवून प्रत्यंचा मागे ओढली जाते. ती खटक्यात अडकली की चाप ओढेपर्यंत तशीच ताणलेली राहते. क्रॉसबोच्या आखूड बाणास बोल्ट असेही म्हणतात. त्याची लांबी बहुधा २० ते २२ इंच असते.

क्रॉसबोचे दोन मुख्य प्रकार आहेत:

१. साधा किंवा रिकर्व्ह क्रॉसबो: यात कप्प्या नसतात. रचना सोपी असते व प्रत्यंचा घरी बदलता येते. मात्र भुजा रुंद असल्याने मचाणावर किंवा लपणात तो फिरवणे अवघड जाते.

२. कंपाउंड क्रॉसबो: भुजांच्या टोकांना असमकेंद्री चाके असतात. त्यामुळे तो अरुंद व वेगवान होतो. मात्र त्याच्या दोऱ्या बदलण्यासाठी सहसा विशेष यंत्राची गरज भासते.

अल्पवयीनांसाठी उपयुक्तता

साधे किंवा कंपाउंड धनुष्य वापरताना हरीण समोर आल्यावर ते ताणावे लागते आणि नेम साधेपर्यंत ताणलेलेच धरावे लागते. दहा-बारा वर्षांच्या अनेक मुलांना हे जमत नाही. शिवाय ऐन वेळी हाताची हालचाल झाल्यास हरीण सावध होते. क्रॉसबो आधीच ताणून ठेवता येतो व आधारावर टेकवता येतो. बंदुकीच्या तुलनेत त्याचा धक्का व आवाज कमी असल्याने चाप ओढताना मूल दचकण्याची शक्यताही कमी असते. बहुतेक उत्तरेकडील राज्यांत धनुष्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होतो, तेव्हा थंडी तीव्र नसते. मुलांना तासन्‌तास स्थिर बसणे त्यामुळे काहीसे सुसह्य होते.

क्रॉसबो हे मुलांचे सोपे शस्त्र आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. ताणलेल्या क्रॉसबोमध्ये साठलेली ऊर्जा मुलाच्या असो वा प्रौढाच्या, कोणाच्याही हातात तितकीच असते.

शस्त्राची निवड

वजन व तोल: दुर्बिणीसह बऱ्याच क्रॉसबोंचे वजन ३ ते ४ किलोग्रॅम असते आणि त्याचा मोठा भाग पुढच्या टोकाकडे असतो. त्यामुळे मुलासाठी हलका क्रॉसबो निवडला तरी तिपाई किंवा काठीचा आधार आवश्यक ठरतो.

दस्त्याची लांबी: दस्ता खांद्याला टेकवल्यावर मान न ताणता डोळा दुर्बिणीसमोर आला पाहिजे. दस्ता लांब असल्यास मूल शरीर मागे झुकवते व नेम ढळतो. लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता वाढत्या वयाच्या मुलासाठी सोयीचा असतो. मुलाचा प्रबळ डोळा कोणता हेही आधी तपासले जाते.

ताणबल: शिकारीच्या क्रॉसबोंचे ताणबल साधारणतः १२५ ते २०० पौंड असते. कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा राज्यानुसार बदलते. उदाहरणार्थ, ओहायोत ती ७५ पौंड, विस्कॉन्सिनमध्ये १०० पौंड व पेनसिल्व्हेनियात १२५ पौंड आहे. अधिक ताणबल म्हणजे अधिक चांगला क्रॉसबो असे नाही. ४०० ग्रेन (सुमारे २६ ग्रॅम) वजनाचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगाने सुटल्यास त्याची ऊर्जा सुमारे ८० फूट-पौंड (१०८ ज्यूल) भरते. ३५० ग्रेनचा बाण २६० फूट वेगाने सुटल्यास ती सुमारे ५२ फूट-पौंड असते. जवळच्या अंतरावरील हरणासाठी हीदेखील पुरेशी मानली जाते.

ताणण्याची पद्धत: दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतून जाणाऱ्या दोरीच्या साहाय्याने लागणारे बळ जवळजवळ निम्मे होते, तर हँडल फिरवून ताणण्याच्या क्रँक यंत्राने ते आणखी कमी होते. लहान मुलांच्या बाबतीत प्रत्यंचा ताणण्याचे काम प्रौढ मार्गदर्शकानेच करावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हाताने ताणताना प्रत्यंचा एका बाजूला किंचित सरकली तरी बाण लक्ष्यापासून दूर जातो.

संरक्षक सोयी: बाण नसताना चाप ओढला जाऊ नये यासाठीचा अडसर, प्रत्यंचा ताणताच आपोआप लागणारी सुरक्षा-कळ आणि बोटे पन्हळीच्या वर येऊ न देणारी पट्टी या तीन सोयी मुलांच्या क्रॉसबोत अत्यावश्यक समजल्या जातात.

बाण: बाणाचे वजन, लांबी आणि मागच्या टोकाची खाच उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच असावी लागते. सपाट, अर्धचंद्राकृती इत्यादी खाचांच्या प्रकारांत अदलाबदल केल्यास प्रत्यंचा बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. असे झाल्यास भुजा तुटून इजा होण्याचा धोका असतो.

सराव

सराव जवळच्या अंतरापासून, बसून व आधार घेऊन सुरू केला जातो. दुर्बिणीत बहुधा २०, ३०, ४० यार्ड अशा अंतरांसाठी वेगवेगळ्या खुणा असतात. प्रत्येक खूण त्या क्रॉसबोच्या वेगाशी जुळवून घ्यावी लागते. सरावासाठी निमुळते टोक आणि शिकारीसाठी रुंद पात्यांचे टोक वापरतात. दोन्हींचे वजन सारखे असले तरी बाण एकाच जागी लागतीलच असे नाही, म्हणून हंगामापूर्वी शिकारीच्या टोकांनीही नेम तपासला जातो.

मुलाची मर्यादा क्रॉसबोच्या पल्ल्यावरून न ठरवता त्याच्या सरावावरून ठरवली जाते. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग ढोबळमानाने २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. तेवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून प्रत्येक बाण लागतो, तेच त्या मुलाचे कमाल अंतर होय. नवशिक्यांसाठी ते बहुधा २० ते ३० यार्ड असते.

अंतर मर्यादित ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ताशी वेगाचे आकडे मोठे वाटले तरी बाण आवाजापेक्षा बराच मंद असतो. सेकंदाला ३०० फूट सरासरी वेगाच्या बाणाला ३० यार्ड कापण्यास ०.३ सेकंद लागतो, तर सुटण्याचा आवाज सुमारे ०.०८ सेकंदात हरणापर्यंत पोहोचतो. सावध हरीण उसळी घेण्यासाठी प्रथम अंग खाली झुकवते. अंतर जितके जास्त, तितका त्याला त्यासाठी अधिक वेळ मिळतो आणि बाण मर्मस्थानाच्या वर लागण्याचा संभव वाढतो.

सुरक्षितता

क्रॉसबोच्या अपघातांत दोन प्रकारच्या इजा विशेष दिसतात. पन्हळीच्या वर आलेला अंगठा किंवा बोट सुटणाऱ्या प्रत्यंचेच्या मार्गात सापडणे ही पहिली, आणि मचाणावरून पडणे ही दुसरी. त्या टाळण्यासाठी पुढील नियम शिकवले जातात:

• ताणलेला क्रॉसबो बाण नसतानाही भरलेल्या बंदुकीप्रमाणे हाताळावा.
• लक्ष्य व त्यामागील जागा स्पष्ट दिसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे.
• बाणाविना चाप कधीही ओढू नये.
• भुजांच्या दोन्ही बाजूंना फांदी, लपणाची चौकट किंवा शेजारी बसलेली व्यक्ती येत नाही याची खात्री करावी.
• मचाणावर चढताना क्रॉसबो सोबत नेऊ नये. वर बसल्यानंतर न ताणलेला क्रॉसबो दोरीने वर ओढून घ्यावा.
• जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत खाली येईपर्यंत संपूर्ण शरीराचा सुरक्षापट्टा मचाणाच्या झाडाला जोडलेला असावा.
• दिवसअखेर उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने, बहुधा योग्य लक्ष्यात बाण सोडून, ताण उतरवावा. ताणलेला क्रॉसबो वाहनात ठेवू नये.

लहान मुलांसाठी मचाणापेक्षा जमिनीवरील लपण अधिक योग्य मानले जाते. तेथे पडण्याचा धोका नसतो, थोडीफार हालचाल खपून जाते आणि मार्गदर्शकाला मुलाच्या अगदी जवळ बसता येते. प्रत्येक बाण लावण्यापूर्वी तो हलकेच वाकवून भेग आहे का हे पाहिले जाते.

नेम व माग

बाण गोळीप्रमाणे आघाताने मारत नाही. त्याच्या पात्यांनी होणाऱ्या रक्तस्रावाने प्राणी मरतो. म्हणून हरीण पूर्ण आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे तिरके असतानाच नेम धरण्यास मुलांना शिकवतात. समोरून, पूर्ण मागून अथवा पळत्या हरणावर बाण सोडणे टाळले जाते. अशी स्थिती न आल्यास बाण न सोडता हरीण जाऊ देणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. तो निर्णय मुलाने स्वतः घ्यावा, मार्गदर्शकाने घाई करू नये, अशी अपेक्षा असते.

बाण लागल्यावर हरीण बहुधा पळून जाते. त्याची दिशा व शेवटची दिसलेली जागा लक्षात ठेवून, चांगला नेम लागला असे वाटले तरी निदान अर्धा तास थांबण्याची पद्धत आहे. सापडलेल्या बाणावरील खुणांवरून पुढचे ठरते. फेसाळ, फिकट लाल रक्त फुफ्फुसाची जखम सुचवते; गडद रक्त यकृताची, तर हिरवट द्रव व दुर्गंधी आतड्याची. शेवटच्या प्रकारात आठ ते बारा तास थांबतात, कारण लवकर माग घेतल्यास जखमी हरीण उठून दूर जाते व सापडत नाही. जखमी प्राणी शोधण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करणे ही शिकाऱ्याची नैतिक जबाबदारी समजली जाते. मुलांना ती पहिल्या शिकारीपूर्वीच समजावून सांगितली जाते.

हरणाचे मांस खाल्ले जाते. इ.स. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळलेल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या प्रियॉनजन्य रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांत मांसाची तपासणी करून घेण्याची व बाधित मांस न खाण्याची शिफारस अमेरिकी आरोग्ययंत्रणा करतात.

कायदा

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्ये ठरवतात. न्यूयॉर्कने इ.स. १९४९ मध्ये तरुण शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढे इतर राज्यांनीही शिकारी-प्रशिक्षण सुरू केले. पेनसिल्व्हेनियात इ.स. २००६ पासून मार्गदर्शकासह शिकारीची योजना आहे. विस्कॉन्सिनने इ.स. २०१४ मध्ये क्रॉसबोसाठी स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि इ.स. २०१७ मध्ये मार्गदर्शित शिकारीसाठीची किमान वयोमर्यादा काढून टाकली. तेथे मार्गदर्शकाने शिकाऊ शिकाऱ्यापासून हाताच्या अंतरावर राहणे बंधनकारक आहे. याउलट ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करण्यास मनाई आहे.

युनायटेड किंग्डममध्ये इ.स. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार धनुष्य किंवा क्रॉसबोने वन्यप्राणी मारणे गुन्हा आहे. जर्मनीतही हरणांसारख्या खुरांच्या वन्यप्राण्यांवर बाण चालवण्यास बंदी आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. महाराष्ट्रात आढळणारी चितळ, सांबर, भेकर इत्यादी हरणे या कायद्याने संरक्षित आहेत. त्यामुळे या लेखातील शिकारपद्धती भारतात कोणत्याही वयाच्या व्यक्तीस अनुज्ञेय नाही.

वाद

क्रॉसबोला धनुष्याच्या हंगामात परवानगी द्यावी की नाही, यावर शिकाऱ्यांतच मतभेद आहेत. पारंपरिक धनुर्धाऱ्यांच्या मते वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कौशल्य क्रॉसबोला लागत नाही, आणि त्यामुळे हरणांवरील शिकारीचा ताण वाढतो. विस्कॉन्सिनमध्ये स्वतंत्र हंगाम सुरू झाल्यावर काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या इतर धनुष्यांच्या पुढे गेली. समर्थकांच्या मते वृद्ध, अपंग व अल्पवयीन यांना क्रॉसबोमुळे शिकारीत सहभागी होता येते आणि घटणाऱ्या शिकारी-संख्येला आधार मिळतो.

प्राणिहक्क संघटनांचा आक्षेप अधिक मूलभूत आहे. बाणाने जखमी होऊन न सापडणाऱ्या प्राण्यांच्या यातना आणि मुलांच्या हाती प्राणघातक शस्त्र देणे या दोन्ही गोष्टींना त्यांचा विरोध आहे. किमान वय कायद्याने ठरवावे की मुलाची शारीरिक व मानसिक तयारी पाहून ते पालकांवर सोपवावे, याबाबत राज्याराज्यांत वेगवेगळी धोरणे आहेत.