हरवलेला चेंडू आणि उच्चारलेला शब्द

न्हावरे हे शिरूर-चौफुला रस्त्यावरचे, ऊसपट्ट्यातले गाव. ऊस डोक्याच्या वर गेला की इकडच्या मुलांच्या क्रिकेटला एक प्रश्न येऊन चिकटतो : फडात गेलेल्या चेंडूचे काय करायचे? ‘ज्याने मारला त्याने आणायचा’ हा कायदा सर्वांना पाठ असतो. पण चेंडू सापडलाच नाही तर धावा किती, फलंदाज बाद की नाबाद, नवा चेंडू कोणी आणायचा, यांवर अंधार पडेपर्यंत वाद चालतो. हा वाद क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यात कोणाचाच दोष नाही असे नुकसान कोणी सोसायचे, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आणि त्याचे पावणेतीनशे वर्षांचे लिखित उत्तर पाहायचे असेल तर गोल्फच्या नियमांकडे वळावे लागते.

१७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ येथे रौप्य गोल्फदंडासाठी स्पर्धा झाली. तिच्यासाठी तेथील खेळाडूंनी तेरा कलमे लिहून काढली. गोल्फची ही सर्वांत जुनी ज्ञात नियमावली होय. (योगायोग असा की लंडनमध्ये क्रिकेटचे नियमही त्याच वर्षी प्रथम लिहिले गेले.) तेरांपैकी आठवे कलम हरवलेल्या चेंडूचे आहे. चेंडू कोणी उचलून नेला असो वा अन्य कोणत्याही रीतीने हरवला असो, खेळाडूने मागच्या फटक्याच्या जागी परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि या दुर्दैवापोटी प्रतिस्पर्ध्यास एक फटका द्यावा, असा त्याचा आशय. येथे ‘अपराध’ म्हटलेले नाही, ‘दुर्दैव’ म्हटले आहे. तरीही किंमत मारणाऱ्यानेच मोजायची आहे. क्रिकेटने नेमके उलटे उत्तर दिले. तेथे ‘चेंडू हरवला’ असे क्षेत्ररक्षकाने पुकारले की मारणाऱ्याच्या पदरात सहा धावा पडत, धावून जास्त काढल्या असतील तर जास्त. हा स्वतंत्र नियम २०१७ च्या संहितेत वगळला गेला आणि हरवलेला चेंडू केवळ ‘मृत चेंडू’ ठरू लागला. एकाच वर्षी लेखी झालेल्या दोन खेळांचे दुर्दैवाविषयीचे न्यायशास्त्र असे परस्परविरोधी आहे.

गोल्फमध्ये परत जाणे म्हणजे दोन-अडीचशे मीटर मागे चालणे, आणि तेही मागचा गट खोळंबलेला असताना. त्यावर तोडगा म्हणून ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरत्या चेंडूची व्यवस्था आली. चेंडू हरवला असावा किंवा मैदानाच्या हद्दीबाहेर गेला असावा अशी शंका आली, तर शोधायला निघण्यापूर्वी त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारून ठेवावा. पहिला शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. तेवढ्या वेळात तो मैदानाच्या हद्दीत सापडला तर तात्पुरता चेंडू सोडून द्यायचा. दोहोंपैकी सोयीचा निवडण्याची मुभा नाही. नाही सापडला, तर तात्पुरताच खरा ठरतो, एका दंड-फटक्यासह.

भाषेच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा यापुढे येते. फटका मारण्यापूर्वी खेळाडूने हा चेंडू तात्पुरता आहे असे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. नुसते ‘दुसरा मारतो’ म्हणणे पुरेसे नाही. तसे म्हणून मारला, तर त्या क्षणी पहिला चेंडू बाद होतो, मग तो पुढे हिरवळीवर हसत पडलेला का असेना. मारण्याची क्रिया तीच, चेंडू तसाच. एका शब्दाने त्याचा दर्जा बदलतो.

याउलट, ‘माझा चेंडू हरवला’ असे खेळाडूने कितीही मोठ्याने सांगितले तरी चेंडू हरवलेला ठरत नाही. ते काम घड्याळाचे, किंवा त्याच्या पुढच्या फटक्याचे. काट्यांत पडलेला चेंडू न सापडलेलाच बरा, असे त्याला वाटत असेल. पण प्रतिस्पर्ध्यास तो शोधण्याचा हक्क आहे. तिसरा प्रकार खेळता न येण्याजोग्या चेंडूचा. तेथे मात्र निर्णय सर्वस्वी खेळाडूचा. पंच नाही, प्रतिस्पर्धी नाही. एक दंड-फटका पत्करून त्याने मागे जावे किंवा जवळ चेंडू टाकून पुढे खेळावे. म्हणजे एका ठिकाणी शब्द अनिवार्य, दुसऱ्या ठिकाणी निष्प्रभ, तिसऱ्या ठिकाणी सर्वाधिकारी. नुकसानीची वाटणी करता करता या नियमांनी माणसाच्या शब्दावर कोठे विश्वास ठेवायचा आणि कोठे नाही, याचीच आखणी केली आहे.

ही आखणी युद्धातही टिकली. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना रिचमंडच्या गोल्फ क्लबने तात्पुरते नियम केले. शत्रूच्या कारवाईने चेंडू हरवला वा नष्ट झाला तर दंडाशिवाय दुसरा टाकता येई. मात्र फटका मारतानाच बॉम्ब फुटून हात चुकला, तर पुन्हा मारण्यासाठी एक दंड-फटका होताच! चेंडू गेला तर तो शत्रूचा दोष; चित्त गेले तर ते ज्याचे त्याने सांभाळायचे.

साहेबाबरोबर हा खेळ आपल्याकडेही आला. मुंबईत गोल्फ क्लब निघाला तो १८४२ साली. नाशिकचे ‘गोल्फ क्लब मैदान’ आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते, आणि तेथे रणजी सामने होतात. खेळ गेला, नाव लोकांच्या तोंडी राहिले.

पाठचिकित्सा शिकवताना आम्हांस हा तात्पुरता चेंडू वारंवार आठवतो. ज्ञानेश्वरांच्या काळची मूळ प्रत आपल्यासमोर नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला आणि आपण तसे केल्याचे ओव्यांतून नोंदवून ठेवले. संपादकाचे प्रामाणिकपण या नोंदवण्यात असते. मूळ हरवणे हा कोणाचा अपराध नव्हे. पण त्या जागी दुसरे ठेवताना न सांगणे, हा मात्र अपराध आहे.

उसाच्या कडेला भांडणाऱ्या मुलांना लीथचे आठवे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. पण नवा चेंडू टाकण्यापूर्वी त्यांच्यातला एखादा ओरडतो, ‘जुना सापडला तर हा धरायचा नाही!’ तेव्हा तोही तोच नियम नव्याने लिहीत असतो.