परराष्ट्राचे नकाशे व स्वदेशातील अंधार

शत्रूच्या मुलखाची बारकाईने माहिती काढणे हे युद्धशास्त्राचे जुनेच अंग होय. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सेनेने त्याची परिसीमा गाठली. तिच्या नकाशाखात्याने जवळजवळ साऱ्या जगाचे लष्करी नकाशे गुप्तपणे सिद्ध केले. परदेशांतील अनेक शहरांचे आराखडे तर १ : १०,००० वा १ : २५,००० या प्रमाणांवर काढले. त्यांत पुलांची मापे व भार पेलण्याची शक्ती नोंदलेली असे. कारखाने, सरकारी कचेऱ्या व लष्करी ठाणी निरनिराळ्या रंगांनी दर्शविलेली असत. इंग्लंडातील चॅटमची आरमारी गोदी तत्कालीन ब्रिटिश नकाशांत गाळलेली होती. सोव्हिएत आराखड्यात ती तपशिलासह आढळते.

आम्हांस विस्मय वाटतो तो पुढील गोष्टीचा. स्वदेशीय जनतेसाठी छापलेल्या नकाशांत सुमारे ५० वर्षे नद्या, रस्ते व गावे हेतुपुरस्सर चुकीच्या जागी दाखविली जात होती, अशी कबुली सोव्हिएत नकाशाखात्याच्या प्रमुखानेच १९८८ साली दिली! १९९१ मध्ये ते राज्य लयास गेले आणि लाटव्हियासारख्या देशांतून ते गुप्त नकाशे उजेडात आले.

परक्याच्या पुलाचा भार ज्या राज्याने अचूक जाणला, त्यानेच आपल्या नागरिकास स्वतःच्या गावची वाट खरी दाखविली नाही. वाचकहो, प्रजेवरच अविश्वास ठेवणाऱ्या राज्याचे रक्षण कोणता नकाशा करणार?