खुज्या दीर्घिकांचे विलीनीकरण आणि तारकासमुदायांची घडण

प्रथम संज्ञा निश्चित करू. जिच्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान काही अब्ज सूर्यांहून कमी असते ती खुजी दीर्घिका. हायड्रोजन व हीलियम यांहून जड मूलद्रव्यांचे ताऱ्यातील प्रमाण म्हणजे त्याची धातुता. वय, धातुता व गती या लक्षणांनी एकत्र ओळखू येणारा ताऱ्यांचा गट तो तारकासमुदाय. दोन दीर्घिका गुरुत्वाने बद्ध होऊन त्यांची एकच दीर्घिका होणे, हे विलीनीकरण. नुसती जवळून गाठ पडणे म्हणजे विलीनीकरण नव्हे.

विलीनीकरणाचा पुरावा दीर्घिकेच्या आकारमानानुसार बदलतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी अन्य संस्थांतील सहकाऱ्यांसह २६ लंबवर्तुळाकार व तत्सम दीर्घिकांतील धुळीचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा दीर्घिकांतील तप्त वायू धूलिकणांचा नाश करतो. तरीही धूळ आढळते, तेव्हा तिचा काही अंश बाहेरून आला असावा, असा तर्क करता येतो. खुज्या दीर्घिकांत धातुता अल्प, म्हणून धूळही अल्प. तेथे साक्ष ताऱ्यांचीच घ्यावी लागते.

विलीनीकरण दोन प्रकारचे : सवायू, म्हणजे वायूने समृद्ध दीर्घिकांचे, आणि निर्वायू, म्हणजे वायू जवळजवळ नसलेल्यांचे. सवायू प्रकारात दोन परिणाम परस्परविरुद्ध दिशांनी घडतात. वायूचा कोनीय संवेग घटून तो केंद्राकडे उतरतो व तेथे नवे तारे जन्मतात. जुन्या ताऱ्यांना मात्र ऊर्जा मिळून ते बाहेर पसरतात. परिणामी अल्पधातू वृद्ध तारे बाहेर व धातुसंपन्न तरुण तारे आत, अशी रचना होते. शिल्पकार नावाच्या खुज्या दीर्घिकेत असे दोन समुदाय २००४ मध्ये वेगळे दाखविण्यात आले. परंतु वायूचा साठा सरत जाऊन ताऱ्यांची निर्मिती केंद्रापुरती आक्रसली, तरी हीच रचना उद्भवते. शिवाय ॲस्ट्रोसॅट या भारतीय कृत्रिम उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने ११ खुज्या दीर्घिकांच्या कडेला तरुण ताऱ्यांचे पुंजके दाखविले (२०२२, या संशोधनात पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेचा सहभाग होता). म्हणजे तारुण्य नेहमी केंद्रातच असते, असेही नाही. स्थानाची साक्ष एकटी अपुरी आहे.

वयाची साक्षही मर्यादितच. खुज्या दीर्घिकांच्या निकट जोड्यांत ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग सरासरी दुपटीहून थोडा अधिक आढळतो, पण त्या जोड्या अजून विलीन झालेल्या नाहीत. मॅजेलनी मेघ या आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन दीर्घिकांची गोष्टही तीच. उलट दहा अब्ज वर्षांपूर्वी खरोखर विलीनीकरण होऊन ताऱ्यांची लाट उसळली असली, तरी इतक्या जुन्या ताऱ्यांचे वय ठरविताना होणारी चूक त्या लाटेच्या कालावधीहून मोठी असते. लाट दिसतच नाही.

धातुता अधिक बोलकी आहे. दीर्घिका जितकी लहान तितकी तिची सरासरी धातुता कमी. म्हणून गिळलेल्या लहान दीर्घिकेचे तारे यजमान दीर्घिकेच्या कडेला अल्पधातू म्हणून उठून दिसावेत. श्यामशबल तारकासमूहातील एनजीसी ४४४९ या खुज्या दीर्घिकेभोवती २०१२ मध्ये सापडलेला ताऱ्यांचा प्रवाह अशाच गिळंकृत दीर्घिकेचा आहे; तिचे तारकीय वस्तुमान यजमानाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाचे.

सर्वांत निर्णायक साक्ष गतीची. देवयानी दीर्घिकेचा उपग्रह असलेली देवयानी-२ ही खुजी दीर्घिका आपल्या दीर्घ अक्षाभोवती फिरते, हे २०१२ मध्ये दिसले. शांतपणे चकती म्हणून वाढलेल्या दीर्घिकेला हे शक्य नाही. २०१४ मध्ये तिच्यातच ताऱ्यांचा स्वतंत्र प्रवाह ओळखला गेला. आता काळाचा प्रश्न. मोठ्या दीर्घिकेभोवती उपग्रह सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने फिरतात, तर त्यांच्या अंतर्गत गती १० किलोमीटरच्या आसपास असतात. इतक्या वेगाने एकमेकींजवळून गेलेल्या दोन खुज्या दीर्घिका एकमेकींना बांधून ठेवू शकत नाहीत. म्हणून उपग्रहांतील बहुतेक विलीनीकरणे त्यांनी मोठ्या दीर्घिकेच्या कक्षेत येण्यापूर्वीची मानली पाहिजेत.

धातुतेच्या मुद्द्यावरून निघणारा एक उपसिद्धांत. अल्पधातू विशाल तारे वाऱ्यांवाटे कमी वस्तुमान गमावतात आणि जड कृष्णविवरे मागे ठेवतात. अशा ताऱ्यांचे एक प्रमुख जन्मस्थान खुज्या दीर्घिका होत. त्या कृष्णविवरांच्या जोड्यांचे विलीनीकरण ज्या गुरुत्वतरंगांतून कळते, ते टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा नांदेड विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रातील हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ नियोजित आहे. अन्य वेधशाळांपासून ती दूर असल्याने तरंगाची दिशा अधिक अचूक ठरेल, आणि यजमान दीर्घिका खुजी होती की मोठी, हे तपासण्यास आकाशाचा लहान तुकडा पुरेल.