आधी गाव, मग शहर : येलहंक्याचा धावता इतिहास

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले काही महिने घराच्या शोधात जातात, आणि त्या शोधाची भाषा गेल्या पन्नास वर्षांत फारशी बदललेली नाही. मुलांना खेळावयास अंगण हवे, पाणी पुरेसे हवे, शाळा पायी जाण्यासारखी हवी, शेजार बोलका हवा. आणि एवढे सगळे असून कचेरीही तासाभरात गाठता यावी. थोडक्यात, गाव हवे, पण ते शहराला लागून हवे. आपल्या मंडळातील जी कुटुंबे येलहंक्याच्या बाजूस वस्तीला गेली, ती हीच अपेक्षा मनाशी बाळगून गेली. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने या अपेक्षेचाच इतिहास मांडावा असे वाटले. तो आपण समजतो त्याहून पुष्कळ जुना आहे आणि त्यात मराठ्यांचेही एक पान आहे.

नवागताला येलहंका हे बंगळूरचे एक उपनगर वाटते. इतिहासात हे नाते नेमके उलट आहे. येलहंका ही आई आणि बंगळूर ही लेक. विजयनगरच्या सम्राटांचे मांडलिक असलेले 'येलहंका नाडप्रभू' हे घराणे येथून आसपासच्या मुलखावर अंमल करीत असे. याच घराण्यातील पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये आपल्या गावापासून चार-पाच कोसांवर मातीचा कोट घालून नवी पेठ वसविली. नांगराला जुंपलेले बैल चार दिशांना हाकून रस्त्यांच्या रेषा आखल्या गेल्या, ही कथा येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अक्कीपेठ म्हणजे तांदळाची, अरळेपेठ म्हणजे कापसाची, बळेपेठ म्हणजे बांगड्यांची. 'पेठ' हा शब्द ओळखीचा असल्यामुळे पुण्याच्या माणसाला जुन्या बंगळुरात फार परके वाटत नाही, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

केंपेगौडाने बाजार गावातच का भरविला नाही? माझ्या मते त्यात जाणतेपणा होता. तळे, शेती, देऊळ आणि भाऊबंद यांनी गाव आधीच भरलेले होते; व्यापाऱ्यांची, कोष्ट्यांची, तांबटांची गर्दी तेथे मावणारी नव्हती. घोड्यावरून सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर नवे नगर उभे राहिले. पुढे राजधानीच तेथे हलली आणि मूळ गाव मागे राहिले. गाव आणि शहर यांच्यामधील अंतर किती असावे, हा आज आपल्याला पडणारा प्रश्न त्यालाही पडला असला पाहिजे; फक्त त्याची दिशा गावाकडून शहराकडे होती.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले. तिसरा केंपेगौडा मागडीस गेला आणि जिंकलेला मुलूख शहाजीराजांच्या हाती आला. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा असा तो प्रदेश. राजांचे मुख्य ठाणे बंगळूर असले तरी कोलार आणि दोड्डबळ्ळापूर येथेही त्यांचा मुक्काम पडत असे. आणि बंगळूरहून दोड्डबळ्ळापूरला जाणारी वाट येलहंक्यावरून जाते. जिजाबाई आणि बाल शिवाजी १६४० ते १६४२ च्या सुमारास याच बंगळुरात राहून गेले. राजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. त्या काव्यातला दरबार वाचताना ध्यानात येते ते हे की तेथे एका भाषेचे राज्य नव्हते. अनेक भाषांचे कवी एका सदरेवर बसत, एकमेकांना समस्या घालीत आणि दाद देत. परमुलखात घर करताना स्थानिक भाषेशी सोयरीक कशी जोडावी, याचा तो जुना नमुना आपल्या मंडळाला आजही उपयोगी पडेल.

शहाजीराजे १६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे निवर्तले. व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावल्यावर बंगळूर त्यांना दूर पडू लागले. १६८७ मध्ये ते तीन लक्ष रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना देण्याचे बोलणे चालू असतानाच मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले, आणि पुढे त्याच रकमेला ते चिक्कदेवराजांकडे गेले. मराठी सत्ता अशी निघून गेली. मराठी माणसे मात्र सगळीच गेली नाहीत, याची साक्ष बंगळुरातील जुनी मराठी घराणी आजही देतात.

यानंतर दोनशे वर्षे येलहंका हे तळ्याकाठचे रागी पिकविणारे एक गाव होते. शहराजवळ राहून शेती करावी आणि मुलाबाळांस मोकळी हवा मिळावी, ही कल्पना मुद्दाम ठरवून अमलात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग बंगळुराच्या पूर्वेस झाला, तो व्हाइटफील्ड येथे. १८८२ मध्ये चामराजेंद्र वडेयर महाराजांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. डेव्हिड व्हाइट हे या योजनेचे प्रवर्तक. त्यांच्याच नावावरून वसाहतीस नाव मिळाले. गोलाकार आखणी, मध्ये मोकळे मैदान, भोवती फळबागांसह बंगले, पुढे चर्च, आणि कोसभरावर आगगाडीचे स्टेशन. कागदावर यात उणे काहीच नव्हते. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्डने 'उद्याननगरी'ची कल्पना मांडणारे आपले पुस्तक प्रसिद्ध केले ते १८९८ मध्ये आणि लेचवर्थ उभे राहू लागले १९०३ मध्ये. म्हणजे व्हाइटफील्ड त्याच्याही आधीचे.

तरीही ते खेडे भरभराटीस आले नाही. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन हलकी. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी नांगर धरला नव्हता त्यांच्या हाती तो एकाएकी शोभेना. तरुण मंडळी रेल्वेत आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींत नोकरी धरून बाहेर पडली. मागे राहिली ती पेन्शनीतली माणसे आणि त्यांच्या आंब्याच्या बागा. जेथे राहावयाचे तेथे पोट भरत नाही आणि जेथे पोट भरते तेथून रोज परतता येत नाही, अशी ती अडचण होती. शंभर वर्षांनी संगणकाच्या कंपन्या आल्या तेव्हा व्हाइटफील्डला पोट मिळाले. मात्र तोपर्यंत खेडे उरले नव्हते.

याच्याशी मुंबईची तुलना केल्यावाचून राहवत नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईकराला शहराबाहेर पाहावयास लावले. बंगळुरातही १८९८ च्या साथीनंतर मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या वस्त्या भरू लागल्या. परंतु मुंबईला जी जोड मिळाली ती विजेच्या गाडीची. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये चर्चगेट ते बोरिवली गाड्या विजेवर धावू लागल्या आणि पार्ले, जोगेश्वरी ही भाताची खाचरे असलेली गावे कारकुनांची, शिक्षकांची गावे झाली. पार्ल्याच्या मंडळींनी मात्र त्याआधीच, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय काढून ठेवले होते. शाळा आधी आणि जलद गाडी नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि पार्ल्यात गेले. त्या दोन ठिकाणांनी आपल्या साहित्याला काय दिले ते सांगावयास नको.

येलहंक्यालाही रेल्वे लवकर मिळाली होती. गुंटकलकडे जाणारी मीटरगेज आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चिक्कबळ्ळापूरकडे जाणारी नॅरोगेज, अशा दोन वाटा तेथे फुटत. म्हैसूर संस्थानातले लोहमार्ग त्या काळी बरीच वर्षे सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे चालविण्यास होते, ही आपल्याला गंमत वाटण्यासारखी गोष्ट. पण दिवसाकाठी मोजक्या गाड्या असल्यामुळे बंगळुरात नोकरी करून येलहंक्यात राहणे फार थोड्यांना साधे. गाव गावच राहिले. शहराने त्या दिशेकडून घेतले ते पाणी. १८९० च्या दशकात हेसरघट्ट्याच्या तळ्यातून बंगळुरास नळाचे पाणी जाऊ लागले, तेही येलहंक्याच्या शेजारूनच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले आणि ते पालटले केंद्र सरकारमुळे. १९६३ मध्ये येथे हवाई दलाचे ठाणे आले. १९८४ मध्ये रेल्वेचा चाके आणि आस बनविणारा कारखाना सुरू झाला. ज्या चाकांसाठी तोवर मोठ्या प्रमाणात परदेशाकडे पाहावे लागे, ती येथे पोलाद ओतून तयार होऊ लागली. त्याच सुमारास कर्नाटक गृहमंडळाने आखलेले 'न्यू टाऊन' आकार घेऊ लागले. सेक्टर, आडव्या-उभ्या गल्ल्या, अधूनमधून बागेसाठी सोडलेली जागा. घरबांधणी अग्रिमाच्या हप्त्यांत बसेल असे घर हाती लागणे ही बदलीच्या नोकरीतल्या माणसाला केवढी गोष्ट असते, ते आपल्या सभासदांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या पहिल्या वीस वर्षांत येलहंक्याने कुटुंबांना जे दिले ते अंतरामुळे दिले नाही, असे माझे निरीक्षण आहे. बंगळुराची लोकसंख्या १९७१ मध्ये साडेसोळा लाख होती, ती १९८१ मध्ये एकोणतीस लाखांवर गेली. तेव्हा पंधरा किलोमीटर दूर राहिल्याने शांतता मिळाली हे खरे. पण खरा लाभ असा की अनेकांचे कामच गावात आले. कारखान्याचा भोंगा झाला की वडील सायकलवर अर्ध्या तासात घरी. केंद्रीय विद्यालय जवळ, त्यामुळे कानपूरहून आलेले मूल आणि सोलापूरहून आलेले मूल एकाच बाकावर. जुन्या गावातून दूधवाला येई, रागीचे पीठ आणि बंगळुरी निळी द्राक्षे येत. देवनहळ्ळीकडचे पपनस तर गौरी-गणपतीच्या फुलोऱ्यासाठी आपल्या बायका शोधून आणीत. शेजारच्या कन्नड बाईकडून हुळी सारू शिकायचे आणि तिला पुरणपोळीचा कट शिकवायचा, असे हे देवघेवीचे संसार. न्यू टाऊनची साईट ज्यांच्या शेतावर पडली त्यांचीच मुले कारखान्याच्या दारात नोकरीसाठी रांग लावीत, हेही याच गावात घडत होते. आपल्या सुखाच्या हिशेबात ती रांग फारशी धरली जात नाही. ती धरली पाहिजे.

रोज ये-जा करणाऱ्यांची येलहंक्याकडे खरी रीघ लागली ती रस्ता सुधारल्यावर. २००१ च्या जनगणनेत येलहंका नगरपालिकेची वस्ती ९३ हजारांच्या वर होती. हेब्बाळचा उड्डाणपूल २००३ मध्ये झाला, २००७ मध्ये नगरपालिका बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली आणि २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला. बळ्ळारी रस्ता जो पूर्वी येलहंक्याला पोचविणारा होता, तो आता येलहंक्यावरून पलीकडे नेणारा झाला. जमिनीचे भाव चढले आणि कूपनलिका खोल गेल्या. ज्या रस्त्याने शहर जवळ आणले त्यानेच शहर दारात आणून सोडले. लेकीने आईला आपल्या घरात घेतले म्हणावे तर तेही खरे. फक्त आईचे घर त्यात मोडले.

सगळेच गेले असे मात्र नाही. येलहंक्याचे तळे अजून आहे. पुट्टेनहळ्ळीचे तळे २०१५ मध्ये पक्षी-संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्यासाठी आसपासच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या होत्या. जुन्या गावातील वेणुगोपाळस्वामींच्या देवळापाशी उभे राहिले की नाडप्रभूंच्या गल्ल्यांची वळणे अजून ओळखू येतात. केंपेगौडाचा १०८ फुटी पुतळा २०२२ मध्ये विमानतळावर उभा राहिला. पण त्याच्या गावची माती पाहावयाची असेल तर या वळणांत शिरावे लागते. आपल्या तरुण सभासदांनी एका रविवारी मुलांना घेऊन तेथे जावे. अर्धा दिवस पुरतो.

घराचा शोध आता आणखी उत्तरेस सरकला आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या उपनगरी रेल्वेच्या चार मार्गांपैकी एक देवनहळ्ळीस आणि एक राजानुकुंट्यास जातो, आणि दोन्ही येलहंक्यावरून. राजानुकुंट्याच्या बाजूस अजून रागीची शेते दिसतात, संध्याकाळी गाई तळ्यावरून परततात. नव्याने बदलून आलेली मराठी कुटुंबे तेथे जागा पाहावयास जातात आणि परत आल्यावर मंडळाच्या जुन्या सभासदांना विचारतात, की गाडी नक्की केव्हा सुरू होणार. शाळा कोठे आहे आणि पाणी कोणत्या विहिरीचे, हे त्यांनी आधी विचारावे, असे जुने सभासद त्यांना सांगतात.