चाकोरी आणि घंटी

चाकोरी हा शब्द आता भाषणांतच उरलाय. चाकोरीबाहेर विचार करा असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी खरी चाकोरी पाहिली असेल, देव जाणे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची, तिनं वर्षानुवर्षं रस्ता कापून पाडलेली ती दोन चरं. आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात ती चिखलानं भरायची आणि दिवाळीनंतर वाळली की काठ विटेसारखे कडक व्हायचे. सायकल गावात आली ती याच चरातून. मधल्या पट्ट्यात खुरांनी उधळलेला फुफाटा, कडेला बाभळीचे काटे. म्हणजे सायकलला जागा काय ती वीतभर. समोरून कुणी आलं की प्रश्न एकच : चाकोरी सोडायची कुणी?

सायकल आमच्याकडं तशी लवकर आली. पुढं-मागं सारखी चाकं आणि मध्ये साखळी ही घडण इंग्लंडात १८८५ च्या सुमाराची, हवेचा टायर १८८८ चा. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. १९१० मध्ये त्यांचा कारखाना आमच्या भागात माळावर उभा राहिला. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, पाळीला जाणारे कामगार, दूधवाले, पोस्टमन आणि गुरुजी एवढ्यांकडं सायकल हमखास असे. बाकीच्यांनी तासाच्या भाड्यानं आणायची आणि मुलांनी नळीखालून पाय घालून कैची मारायची.

रस्त्याचा कायदा होताच. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातलं ९९ वं कलम सांगतं की वाहन रस्त्याच्या डाव्या अंगानं हाका आणि पुढच्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजव्या बाजूनं जा. तालुक्याच्या गावी हवालदार बिनदिव्याची सायकल अडवायचा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं तर सायकलीवर कर बसवायची मुभा पंचायतीला दिली. पण गाडीवाटेवर डावं-उजवं कोण बघतो? तिथं दोनच बाजू : नदीकडची आणि माळाकडची. मागून येणारा ओरडायचा, "मावशे, नदीकडनं जातुया!" आणि मावशी माळाकडं सरकायची.

या वाटेवरचे रिवाज कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण कारणाशिवायही नव्हते. मोकळ्यानं भरल्याला वाट द्यायची. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही. पाठीमागं एकदम घंटी वाजली तर ती अंगासकट वळते आणि भाऱ्याचं टोक सायकलवाल्याच्याच तोंडावर बसतं. म्हणून लांबूनच खाकरायचं, नाहीतर साद घालायची आणि जवळ आलं की उतरून चालत पुढं जायचं. बैलांमागं घंटी वाजवायचीच नाही. नवखी खोंडं बुजली तर गाडी थेट उसात. रात्री गाडीवान जुवाला कंदील टांगून साट्यात झोपलेला असे आणि बैल आपले ओळखीच्या वाटेनं चालत असत. अशा वेळी माझे चुलते सायकलवरून उतरायचे, रानातून वळसा घालून बैलांच्या पुढं निघायचे आणि जाता जाता हळूच म्हणायचे, "पावणं, मी हाय, चालू द्या." झोपेतला माणूस "व्हय" म्हणायचा. तो खरंच जागा होता की काय, हे कोडं मला अजून आहे. धनगराची मेंढरं आली तर मात्र कुठलीच हुशारी चालत नसे. सायकल मांडीला टेकवायची, तंबाखू मळायची आणि शेवटचं कोकरू जाईपर्यंत धनगराला पाऊसपाणी विचारायचं.

मोठ्या माणसापुढं उतरायचं, हा आणखी एक रिवाज. मामा, सासरा, कीर्तनकार बुवा दिसले की पाय खाली. हुंड्यात नवी सायकल मिळालेल्या जावयाची तर फजितीच. सासरवाडीत पारापासून घरापर्यंत तो इतक्यांदा उतरायचा की चालत गेला असता तर लवकर पोचला असता.

पण सगळं उतरणं एका जातीचं नव्हतं. आमच्या गावात चावडीपुढून आणि पाटलांच्या वाड्यापुढून काही माणसांनी सायकल हातात धरूनच जायचं असा दंडक होता, आणि ती माणसं कोण, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. सासऱ्यापुढं उतरणारा जावई उद्या स्वतः सासरा होणार असतो. महारवाड्यातल्या माणसाला ती आशा नव्हती. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यानं सार्वजनिक रस्ता वापरू न देणं हा गुन्हा ठरवला होता, पण चावडीत बसणाऱ्यांपर्यंत तो बराच उशिरा पोचला. खरं म्हणजे पोचला होता, ऐकायचा नव्हता.

आमच्या शाळेत त्याच वाड्यातले एक गुरुजी बदलून आले. पगारातून हप्त्यानं घेतलेली हिरवी सायकल, चेनकव्हर, डायनॅमो, सगळा थाट. पहिलं वर्षभर ते चावडीआधी उतरत. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ते उतरले नाहीत. घंटी वाजवली नाही, वेग वाढवला नाही, बसलेल्यांना रामराम घातला आणि निघून गेले. त्यानंतर दोनदा त्यांच्या चाकात दाभण टोचलेला सापडला. गुरुजींनी पंक्चरचं सामान दप्तरात ठेवायला सुरुवात केली आणि दुरुस्ती मुद्दाम चावडीच्याच सावलीत बसून केली, आम्हा पोरांना सोल्युशन कसं लावायचं ते दाखवत. आजोबा घरी एवढंच म्हणाले, "मास्तर म्हाताऱ्या बायकांपुढं उतरतोय, चावडीपुढं न्हाई. त्याला रीत कळतीया." आजोबांची स्वतःची बैठक चावडीतलीच होती, म्हणून ते वाक्य मी विसरलो नाही.

बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली, खडी फोडणाऱ्या हातांनी वाट रुंद केली, पुढं डांबर पडलं. चाकोरी बुजली तशी ती सोडण्याची भांडणंही बुजली. आता गळिताच्या दिवसांत दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर गाणी लावून येतो. त्याला ना घंटी ऐकू जाते, ना साद. सायकलवाला आपण होऊनच साइडपट्टीवर उतरतो.

सायकली आता जास्त करून मुलींकडं आहेत, शासनाच्या योजनेतून मिळालेल्या. सकाळी त्या तिघी-तिघी आडव्या रांगेत, गप्पा मारत शाळेला निघतात. मी काठी टेकत कडेनं चालत असतो. त्यांतली शेवटची मागूनच ओरडते, "आजोबा, नदीकडनं जातोय!" नदीकडनं म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी माळाकडं सरकतो.