मुठीचे दान आणि गावची शाळा



गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा ठरला, की पहिली हालचाल होते ती वर्गणीची. कोणी ज्वारीचे पोते लिहून देतो, कोणी तेलाचा डबा, कोणी एका दिवसाची पंगत अंगावर घेतो. ज्याच्या घरात देण्यासारखे काही नाही, तो वीणेचा पहारा करतो किंवा पंगतीला पाणी वाढतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र होतात आणि कोणाची भाकरी कोणाच्या हाती गेली हे कोणी विचारीत नाही. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात केवढे सामर्थ्य साठले आहे याचा विचार सहसा मनात येत नाही. याच रीतीने महाराष्ट्रात खेडोपाडी शाळा आणि हायस्कुले उभी राहिली. ती हकिगत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. १८५४ साली इंग्रज सरकारचा एक खलिता आला, तो वुडचा खलिता म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने अनुदानाची पद्धत घालून दिली. लोकांनी शाळा काढावी, आपला वाटा उभा करावा, सरकारी तपासनिसाने ती पाहावी आणि मग सरकारने पैशाची मदत करावी, अशी ती पद्धत. वाचायला गोड, पण जरा विचार करा. आधी ज्याच्या गाठीला काही आहे त्यालाच शाळा काढता येणार, आणि ज्याने शाळा काढली त्यालाच मदत मिळणार. शहरातल्या शिकलेल्या मंडळींना हे साधले. खेड्यातला कुणबी, धनगर, महार, रामोशी यांच्या दारापर्यंत ते पाणी पोचले नाही.

मग खेड्यातला माणूस काही देत नव्हता काय? देत होता. १८६० नंतरच्या काळात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे नांगर धरणारा माणूस शाळेचा आणा भरीत होता आणि त्याचे पोर गुरे राखीत होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरातल्या थोड्यांना होतो, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्यावे, अशी मागणी त्यांनी तेव्हाच केली.

पुढे कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली. त्याच कोल्हापुरात एक मुलगा शिकायला आला. हातकणंगले भागातल्या कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला हा मुलगा म्हणजे भाऊराव पायगौंडा पाटील. घराणे जैन, वडील महसूल खात्यात नोकर. परीक्षांमध्ये या मुलाने फारसे नाव काढले नाही, पण शाहू महाराजांचे काम त्याने डोळ्यांनी पाहिले आणि फुल्यांचा विचार मनात घेतला. नांगर विकणाऱ्या कारखान्याचा फिरता विक्रेता म्हणून तो गावोगाव हिंडला. शेतकऱ्याच्या घरी काय शिजते आणि त्याच्या पोराच्या हाती पाटी का नाही, हे त्याने ओट्यावर बसून समजून घेतले.

सांगलीजवळच्या दूधगावी १९१० च्या सुमारास भाऊरावांनी सोबत्यांसह विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. १९१९ साली ४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावातच सगळे आले. संस्था कोणा राजाची नाही, सावकाराची नाही, रयतेची. तिचे बोधचिन्ह वडाचे झाड. वड फांदीवरून पारंब्या सोडतो आणि पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते. गावोगावच्या शाखांचे याहून चांगले चित्र कोणते असणार?

आता पैशाचे काय? इथे आपल्या ओळखीची गोष्ट येते. भाऊरावांनी बायाबापड्यांना सांगितले, की दळायला बसताना जात्यात घालण्याच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढा आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ठेवा. याला मुष्टिफंड म्हणत. सज्जनहो, या एका मुठीचा हिशोब करून पाहा. आजच्या मापाने मूठ पन्नास ग्रॅमची धरा. दोनशे उंबऱ्यांचे गाव असेल तर दिवसाला दहा किलो धान्य, महिन्याला तीन क्विंटल. वाढत्या वयाच्या पोराला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर दोनशे घरांच्या मुठीवर वीस मुले दोन्ही वेळा पोटभर जेवतात. आणि ज्या घराने मूठ दिली, त्या घराच्या टोपल्यातली एक भाकरीसुद्धा पुरती कमी होत नाही.

या मुठीचा दुसरा गुण पोटापाण्यापलीकडचा आहे. लोकल फंडाचा आणा सक्तीने जात होता. तो कचेरीत गेला, की देणाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपत असे. मूठ मात्र घरातल्या बाईने आपल्या मनाने काढलेली असे. जी बाई रोज शाळेसाठी मूठ काढते, ती शाळा तिची होते. मास्तर आला की नाही, पोरे जेवली की नाही, हे ती विचारते. ज्या काळी बाईच्या हाती रुपया क्वचितच येई, त्या काळी धान्याची मूठ तिच्या हक्काची होती. म्हणून ज्या बायांना स्वतःला अक्षर येत नव्हते, त्या या शिक्षणाच्या पहिल्या देणगीदार झाल्या.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. ते पुढे धनिणीच्या बागेत वाढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपल्या हातांनी स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला बसत. आपण काल्याच्या कीर्तनात जे वर्णन वर्षातून एकदा ऐकतो, ते या मुलांच्या ताटात दोन्ही वेळा घडत होते. पंढरीचे देऊळ हरिजनांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आपल्या अंगणात जे व्हायला हवे होते, ते साताऱ्याच्या बागेतल्या पोरांनी वीसहून अधिक वर्षे आधी करून दाखविले, हे आपण वारकऱ्यांनी नम्रपणे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुष्टीने सगळेच भागत होते असे मात्र नाही. पुस्तके लागतात, कपडे लागतात, आजारपण येते. कोठारात दाणा उरला नाही असेही दिवस आले. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष पाहताना लोकांच्या तोंडी भाऊरावांचे नाव येते, पण त्याच्या मुळाशी या माउलीचे सोने पुरलेले आहे.

प्राथमिक शाळा पुष्कळ झाल्या, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. चौथीपर्यंत शिकलेल्या पोराने पुढे कुठे जायचे? हायस्कूल शहरात, तिथली फी जड, राहायला जागा नाही. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत आणि निवासी हायस्कूल सुरू झाले. तिथे मुलगा फी देत नसे, श्रम देत असे. शेतात काम करावे, दगड फोडावे, विहीर खणावी, आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा. ‘कमवा आणि शिका’ म्हणून ही योजना प्रसिद्ध झाली. मुठीतून आलेले अन्न पोराला मिंधे करू नये, यासाठी ही तजवीज होती. दान घेणाऱ्याची मान ताठ राहील असे दान देणे फार अवघड असते. भाऊरावांनी ती किल्ली शोधली.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पण त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. मास्तरांचे पगार थकले. तेव्हा कसोटी लागली. जी शाळा केवळ अनुदानावर उभी असते, तिला अनुदान थांबले की कुलूप लागते. इथे गावे उभी राहिली, वर्गणी गोळा झाली, मास्तर अर्धपोटी राहिले, पण वर्ग भरत राहिले. पुढे अनुदान पुन्हा चालू झाले.

या कामात आपल्या संप्रदायाच्या जवळचा एक माणूस उभा होता, तो म्हणजे श्रीगाडगेबाबा. अमरावतीकडच्या शेंडगावी १८७६ साली परीट घराण्यात त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची झड असे. विचारायचे, लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचे, आणि बोलता बोलता कर्ज, दारू, नवस, शिवाशीव यांचा कचरा बाहेर काढायचे. जेवणाचे ताट नसले तरी चालेल, पण पोराला शिकवा, हा त्यांचा सांगावा महाराष्ट्राला पाठ आहे. कीर्तनातून पैसा जमे तो धर्मशाळांना, अन्नछत्रांना आणि शाळा-वसतिगृहांना जाई. स्वतःकडे एक फुटके गाडगे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. भाऊरावांच्या कामावर त्यांची माया होती, आणि १९५४ साली कराडला रयत शिक्षण संस्थेचे जे महाविद्यालय निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराज हेच नाव दिले गेले. ज्याने पाटी हाती धरली नाही त्याचे नाव महाविद्यालयाच्या दारावर लागले. बाबा १९५६ साली गेले, भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले.

आता वाचकहो, एक शंका आपल्या मनात आली असेल. शिक्षण देणे हे तर सरकारचे काम. मग गावाने पदर का पसरावा? शंका रास्त आहे. जोतीरावांनी १८८२ साली सांगितले ते आजही खरे आहे. कर आपण भरतो, म्हणून शाळा मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण नुसत्या हक्काने शाळा गावची होत नाही. करातून भिंती येतात, मास्तर येतो. त्या भिंतींवर लक्ष ठेवणारे डोळे मुठीतून येतात. भाऊरावांनी अनुदानही घेतले, राजेरजवाड्यांची मदतही घेतली, पण मूठ सोडली नाही. दोन्ही हात लागतात तेव्हाच टाळी वाजते.

माझे आयुष्य सप्ताहाच्या मंडपांत गेले. मंडप दर वर्षी मोठा होत गेलेला मी पाहिला. कमानी आल्या, भोंगे वाढले, कमानीवर देणगीदारांची नावे आली. त्यात वाईट काही नाही. देवाच्या दारात शोभा असावीच. पण त्याच गावच्या हायस्कुलात प्रयोगाच्या खोलीला कुलूप असते, पुस्तकांच्या कपाटाला वाळवी असते, आणि दहावी झालेली लेक तालुक्याला जायला गाडी नाही म्हणून घरी बसते. सप्ताहाच्या शेवटी आपण जमाखर्च वाचून दाखवतो, सगळे गाव तो कान देऊन ऐकते. त्याच मंडपात, त्याच दिवशी, गावच्या शाळेला काय हवे तेही वाचून दाखवावे. उरलेली शिल्लक पुढच्या वर्षीच्या कमानीला न ठेवता एका लेकीच्या प्रवासाला, एका कपाटाच्या पुस्तकांना द्यावी. देताना नाव लिहू नये. मुष्टिफंडात कोणाच्या मुठीवर नाव नव्हते. जात्याच्या तोंडी सगळे दाणे एक झाले.

आज जाती उरली नाहीत, पीठ गिरणीतून येते. मूठ मात्र अजून प्रत्येकाच्या मनगटाला आहे. ती उघडावी एवढीच विनंती.

रामकृष्ण हरी.