प्रस्तावना : सायटेशन वाचताना

ओहायो स्टेट विद्यापीठात एक प्राध्यापक हंसाचे विच्छेदन करत होते. शेपटीजवळ, विष्ठामार्गाच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी दिसली. तिचे नाव ठाऊक होते, बर्सा ऑफ फॅब्रिशियस. काम मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा प्राध्यापक म्हणाले, तूच शोधून काढ. ग्लिकने कोंबडीच्या पिल्लांमधली ती पिशवी काढून पाहिली. नजरेत भरेल असा फरक पडेना. पुढे टिमोथी चँग या सहाध्यायाला वर्गात प्रतिपिंडे दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. ग्लिककडच्या काही त्याने नेल्या, साल्मोनेलाची टोचणी दिली आणि प्रात्यक्षिक फसले. प्रतिपिंडे न बनवणाऱ्या कोंबड्या नेमक्या बर्सा काढलेल्या निघाल्या.

या निष्कर्षावरचा निबंध 'सायन्स'ने परत केला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. कुक्कुटपालनाचे नियतकालिक प्रतिकारशास्त्रज्ञ कशाला उघडतील? १९६५ मध्ये मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी थायमस आणि बर्सा यांची कामे वेगळी करून दाखवली, आणि मग सगळे या निबंधाकडे वळले. बी-पेशीतला 'बी' हा त्या बर्साचाच.

प्रतिकारशास्त्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम ग्लिकच्या कोंबड्यांनी करतो आहे. एखाद्या संशोधकाची निबंधसूची हाती आली की आपण आधी आकडा पाहतो. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, ती एका निबंधाचा माग दुसऱ्यापर्यंत काढता यावा म्हणून. त्याच सूचीतून पुढे मोजमाप निघाले. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतले निबंध धरतो. नऊ वर्षे वाट पाहणारा निबंध त्यात मावतच नाही. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी सुचवलेला एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० सायटेशन असलेले २० निबंध, एवढेच. तो उपयोगी आहे. पण सायटेशन कोणी केले, केव्हा आणि कशासाठी, हे त्यात दिसत नाही, आणि माझ्या मते सूची वाचायची ती याच तीन प्रश्नांनी.

'कशासाठी' हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते टिम मॉसमन यांच्या सूचीत दिसते. १९८३ चा त्यांचा निबंध एका पद्धतीचा आहे: प्लेटच्या खळग्यात एमटीटी हे पिवळे रसायन घालायचे, जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात, रंग मोजायचा. १९८६ मध्ये रॉबर्ट कॉफमन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार वेगळे केले, आणि विषयाची विचार करण्याची रीतच बदलली. सायटेशन जास्त आहेत ते पहिल्या निबंधाला, तेही कितीतरी पटींनी. त्यात अन्याय नाही. जांभळा रंग रोज हजार प्रयोगशाळांत मोजला जातो, आणि ज्याने मोजला त्याने ऋण नोंदवायलाच हवे. फक्त हे दोन आकडे एकाच तराजूत घालू नयेत.

चार्ल्स जेनवे यांचे १९८९ चे लेखन तर निव्वळ प्रस्तावना होती, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादग्रंथाची. त्यात एकही प्रयोग नव्हता. जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राही शरीरात जन्मजात असले पाहिजेत, असा तर्क होता. मॉस्कोत रुस्लान मेझितॉव्ह नावाच्या विद्यार्थ्याने तो ग्रंथालयात वाचला आणि विद्यावेतनाचा मोठा भाग खर्चून त्याची झेरॉक्स काढली. या वाचनाची नोंद कुठल्याही सूचीत नाही. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये अशाच एका ग्राहीवरचा, माणसातल्या टोलवरचा, निबंध आला. त्यावर पहिले नाव मेझितॉव्ह यांचे आहे, शेवटचे जेनवे यांचे.